सल्ला हवाय: डासांमधल्या रेझिस्टन्सचं गणिती मॉडेल, सुरुवात कुठून करू?

विदर्भकर: नमस्कार मंडळी, स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करतोय, प्रोजेक्टला गडचिरोलीचा मलेरिया घेतलाय. फवारणी होते, औषधी मच्छरदाण्याही वाटतात, पण डास औषधाला किती वर्षांत दाद देईनासे होतील, म्हणजे रेझिस्टंट होतील, ते मला काढायचंय. रॉस-मॅकडोनाल्ड, म्हणजे मलेरिया कसा पसरतो त्याचं गणिती मॉडेल, वाचलं, त्यात जनुकं कुठेच नाहीत. आता काय करू? प्रोग्रॅमिंगमध्ये आर ही भाषा येते, पायथन जेमतेम.

कीटकवेडी: आर पुरे. आणि रॉस-मॅकडोनाल्ड सोडू नका हो, सगळी मेख डासाच्या आयुष्यात आहे. मलेरियाचा परजीवी डासात तयार व्हायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. रोज 90 टक्के डास जगले तर 10 दिवसांनी 35 टक्के उरतात, 80 टक्के जगले तर 11च! म्हणून रेझिस्टंट डास किती दिवस जगतो हे आधी मॉडेलमध्ये घाला.

हिशेबी: जनुकांसाठी एक जनुक, त्याची दोन रूपं (रेझिस्टंट आणि साधं), आणि प्रत्येक डासात त्याच्या दोन प्रती, एवढंच घ्या. रेझिस्टंट रूप 1 टक्का असेल तर 10,000 डासांत दोन्ही प्रती असलेला 1 आणि एकच प्रत असलेले 198. फवारणी ताजी असताना हे 198 मरत असतील तर रेझिस्टन्स खूप हळू वाढतो, पण भिंतीवरचं औषध उतरत गेलं की तेच वाचायला लागतात आणि मग वेग एकदम वाढतो. त्यामुळे डॉमिनन्स, म्हणजे एकच प्रत डासाला कितपत वाचवते, हा फिक्स आकडा धरू नका, फवारणीनंतरच्या दिवसांप्रमाणे बदलू द्या, माझ्या मते प्रोजेक्टचा खरा जीव इथेच आहे.

विदर्भकर: भारी! मग ट्यूब टेस्टमध्ये समजा 85 टक्के डास मेले तर रेझिस्टंट जनुक 15 टक्के धरू का?

कीटकवेडी: नाही नाही, अजिबात नको! त्या टेस्टमध्ये डास तासभर औषधी कागदाजवळ ठेवून 24 तासांनी मेलेले मोजतात, 90 च्या खाली मेले की रेझिस्टन्स नक्की, पण ती डासांची टक्केवारी झाली, जनुकाची नाही. वाचलेले 15 टक्के दोन प्रतीवालेच असतील तर जनुक 39 टक्के, एक प्रतही पुरत असेल तर जेमतेम 8. दोन्ही टोकं चालवून बघा. शिवाय मलेरिया पसरवणारा क्युलिसिफेसीस डास म्हणजे दिसायला सारख्या पाच जातींचा गट आहे, त्यातली ‘बी’ नावाची जात मलेरिया फारसा पसरवत नाही, तेव्हा डेटा कोणत्या जातीचा ते आधी विचारा.

विदर्भकर: जातींचं गाइडना उद्याच विचारतो. दोन्ही टोकांचा कोड झाला की इथेच टाकतो, चुका काढा.