मधल्या ओट्यावरचे दिवे : तुमचे अनुभव लिहा

स्वयंपाकघरात मधोमध ओटा घ्यायचं ठरलं की दगड कोणता, शेगडी कुठे, खाली किती खण, यावर घरात वाद झडतात. दिव्यांचा विषय निघतो तो छत बंद करायच्या वेळी, आणि तोही "हँगिंग दोन लावायचे की तीन?" एवढ्यावर आटोपतो. म्हणून हा धागा. असा ओटा रोज वापरणाऱ्यांनी, किंवा इतरांना करून देणाऱ्यांनी सविस्तर लिहा : काय लावलंत, किती उंचीवर, आणि वापरताना काय जाणवतं. फोटोत छान दिसणारे ओटे पुष्कळ आहेत. त्या दिव्याखाली उभं राहून चिरणाऱ्याचं म्हणणं मात्र सहसा वाचायला मिळत नाही.

सुरुवात मी करते. आमच्या ओट्यावर तीन हँगिंग आहेत. शेडचा खालचा काठ ओट्यापासून ३० ते ३६ इंच वर ठेवावा, असं सगळीकडे सांगतात. पण या सहा इंचांत मी आणि नवरा दोघं अडकलो. ओटा जमिनीपासून ९० सेंमी. त्यावर ३० इंच, म्हणजे साधारण ७५ सेंमी धरले की काठ येतो १६५ सेंमीवर. माझे डोळे त्याच्या खाली, त्यामुळे मला काही अडत नाही. नवरा सहा फुटी. त्याच्या डोळ्यांसमोर नेमकी शेड यायची आणि समोरचा माणूस दिसायचा नाही. खऱ्या शेड लावण्याआधी आम्ही त्याच मापाचे पुठ्ठ्याचे खोके सुतळीने टांगले आणि घरातल्या प्रत्येकाला तिथे उभं केलं, बसवलं. ३६ इंचांवर त्याची अडचण संपली आणि नवीनच निघाली : उंच स्टुलावर बसलेल्या मुलांना मान जरा वर केली की थेट बल्ब दिसायचा. शेवटी उंची ३६च ठेवली, पण खालून दुधी काच असलेली शेड घेतली. उंची ठरवायची तर घरातला सगळ्यात उंच माणूस उभा करा, शेड निवडायची तर सगळ्यात बुटका माणूस बसवा.

*

मी दिवे बसवून देण्याच्या कामात आहे, म्हणून जरा आकडेमोड लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

खोक्यावरचे वॅट बघू नका, ल्यूमेन (बल्ब एकूण किती उजेड देतो त्याचं माप) बघा. चिरण्या-निवडण्याच्या जागी साधारण ५०० लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ल्यूमेन) उजेड असला की डोळ्यांना ताण पडत नाही. ओटा २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद धरला तर क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर, म्हणजे ९०० ल्यूमेन ओट्यावर पोहोचायला हवेत. शेडमध्ये अडकणारा आणि आजूबाजूला सांडणारा उजेड धरून सरळ दुप्पट करा : १८०० ल्यूमेन. तीन दिवे असतील तर प्रत्येकी ६००. आजच्या एलईडीत हे सहा-सात वॅटच्या बल्बमध्ये मिळतं. फक्त शेड कोणती, ते बघायला हवं. काळ्या पत्र्याची खोल शेड सगळा उजेड खाली टाकते, ओटा लख्ख होतो आणि छत मात्र काळंकुट्ट राहतं. मग खोली गुहेसारखी वाटते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "उजेड कमी पडतोय." उजेड कमी नसतो, तो एकाच जागी साचलेला असतो. अशा शेडसोबत कोव्ह लाइट (छताच्या कडेच्या खाचेत लपवलेला दिवा) किंवा छतावर उजेड टाकणारं काहीतरी लागतंच.

अंतराचं म्हणाल तर दोन शेडच्या मध्यांत ६० ते ७५ सेंमी, आणि टोकाच्या शेडचा काठ ओट्याच्या टोकापासून किमान १५ सेंमी आत. तीनच हवेत असा काही नियम नाही. दीड मीटरच्या ओट्याला दोन मोठे पुरतात, कधी एकच लांब पट्टीचा दिवा जास्त शोभतो.

*

काचेवर उभ्या रेघा असलेल्या शेड घेऊ नका. शेगडी त्याच ओट्यावर असेल तर मुळीच नको. वाफ आणि तेलाचा थर त्या रेघांत बसतो आणि नुसत्या फडक्याने निघत नाही. गुळगुळीत आणि खालून उघडी शेड बरी. आणि शेगडीच्या बरोबर वर काहीच टांगायचं नाही. ती जागा चिमणीची.

*

पंख्याबद्दल कुणी लिहिलं नाही? आमच्याकडे ओट्यापासून हातभर अंतरावर छताचा पंखा आहे. वायरवर टांगलेले दिवे पंखा लावला की डुलायचे, आणि त्यांच्याबरोबर ओट्यावरच्या सावल्याही. चाकू हातात असताना हलत्या सावलीवर काम करून बघा! वायरच्या जागी घट्ट दांडीचे दिवे लावले, ते हलत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे. छतातला डाउनलाइट (छतात बसवलेला, सरळ खाली उजेड टाकणारा दिवा) पंख्याच्या पात्यांच्या वर येत असेल तर पाती उजेड सतत कापतात आणि खाली लुकलुकाट होतो. बहिणीचं डोकं दुखायचं, ते याच्यामुळे. तो दिवा बंद केला, दुखणं गेलं. आराखड्यावर दिवे मांडताना पंख्याच्या पात्यांचं पूर्ण वर्तुळ काढून घ्या, नुसती त्याच्या मध्यावरची फुली नको.

*

आई-बाबा आमच्यासोबत राहतात, तेव्हा त्यांच्या बाजूने लिहिते. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच असतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. त्यामुळे "एवढा उजेड कशाला?" असं आपल्याला वाटतं, तेव्हा त्यांना तो जेमतेम पुरत असतो. पण नुसता उजेड वाढवूनही भागत नाही, कारण चकाकीचा त्रासही त्यांनाच जास्त. आमचा ओटा काळ्या, आरशासारख्या पॉलिशचा. उघड्या बल्बचं प्रतिबिंब त्यात असं चमकायचं की आई ताट सरकवून ते प्रतिबिंब झाकायची. नक्षीदार उघडे बल्ब काढून दुधी गोळे लावले, ल्यूमेन वाढवले, आणि ती कुरकुर थांबली. दगड अजून घ्यायचा असेल त्यांनी मॅट फिनिशचा विचार जरूर करावा.

*

मी उलट्या बाजूचा. आमच्या ओट्यावर एकही हँगिंग नाही आणि मला त्याची खंत नाही. ओट्यापलीकडे मोठी खिडकी आहे. मध्ये तीन गोळे लोंबकळत ठेवून ती अडवायची कशाला? नाहीतरी हल्ली हँगिंग ही गरजेपेक्षा सवय झाली आहे.

डाउनलाइट लावलेत, मात्र त्यांचा उजेड किती पसरतो तो कोन बघून. छत २.४ मीटर, ओटा ०.९, म्हणजे मध्ये दीड मीटर. २४ अंशांच्या दिव्याचं वर्तुळ ओट्यावर जेमतेम ६४ सेंमी पडतं, ६० अंशांचं पावणेदोन मीटरच्या आसपास. अरुंद कोनाचे दिवे ओट्यावर ठिपके पाडतात आणि मधल्या जागा अंधाऱ्या ठेवतात. आणि दिवा ओट्याच्या वर हवा, उभं राहणाऱ्याच्या डोक्यामागे नको. मागून उजेड आला की स्वतःच्याच डोक्याची सावली हातांवर पडते.

*

वरच्यांशी अर्धा सहमत. पण बसून खायला, गप्पा मारायला दिवा जवळ आणि खाली असला की जी ऊब येते ती छतातल्या दिव्यांनी येत नाही. डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेन यांनी आयुष्यभर हाच प्रश्न धरून ठेवला : दिवा खाली टांगायचा, पण कुठूनही बल्ब डोळ्यांत जाता कामा नये. एकाखाली एक वाट्या रचून त्यांनी ते साधलं. त्यांचा १९५८चा 'पीएच ५' अजूनही बनतो. मूळ दिवा महाग वाटला तरी त्यामागचा विचार फुकट आहे : शेड निवडताना स्टुलावर बसून, उभं राहून, दारातून येताना, सगळीकडून बघा आणि बल्ब दिसतो का तेवढं तपासा. माझ्याकडे त्याच धर्तीचा एकच मोठा दिवा आहे, ५० सेंमी रुंदीचा, आणि लहान ओट्याला तो पुरतो.

*

डिमर हवाच. चिरताना पूर्ण उजेड, रात्री पाणी प्यायला उठलं की मंद. पण जुन्या पिवळ्या बल्बचा डिमर एलईडीला चालेलच असं नाही. त्या डिमरला किमान ठरावीक वॅटचा भार लागतो, आणि तीन एलईडी मिळून वीस वॅटसुद्धा होत नाहीत. मग दिवे फडफडतात, गुणगुणतात, बंद केल्यावरही अंधुक जळत राहतात. एलईडीसाठीचा ट्रेलिंग एज डिमर मागा, आणि बल्बच्या खोक्यावर 'डिमेबल' लिहिलंय ना ते बघा. आणखी एक : जुना बल्ब मंद केला की पिवळा होत जायचा, साधा एलईडी तसा होत नाही, फक्त फिका पडतो.

रंगाबद्दलही सांगतो. आमच्याकडे वरचे दिवे २७०० केल्विनचे (उजेडाच्या रंगाचं माप; हे पिवळसर) आणि कपाटांखालची पट्टी ४००० ची (पांढरट) होती. एकाच टोमॅटोचे दोन रंग. सगळं ३००० वर आणलं. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, १०० पैकी आकडा) ९० च्या वरचा घ्या, नाहीतर परतताना रंग कळत नाही. त्यातही लाल रंग किती खरा दिसतो ते सांगणारा 'आर ९' हा आकडा वेगळा असतो आणि खोक्यावर सहसा नसतो. दुकानात दिवा लावून स्वतःचा तळहात त्याखाली धरून बघा. तो निस्तेज दिसला तर तो दिवा नको.

*

प्रश्न : आमचं छत बंद झालंय आणि पॉइंट ओट्याच्या मध्यापासून जवळजवळ एक फूट बाजूला आलेत. आराखड्यात ओटा होता तिथे तो बसलाच नाही. छत फोडायचं का?

*

(दिवे बसवणारा परत.) फोडू नका. दोन मार्ग आहेत. एक, वायर लांब ठेवून मूळ पॉइंटपासून हव्या त्या जागेपर्यंत न्यायची आणि तिथे हुकात अडकवून खाली सोडायची. मुद्दाम केलंय असं दिसावं म्हणून वायर कापडी वेष्टनाची घ्या, तिन्ही दिव्यांना सारखाच झोल द्या. दोन, छताला लागणारी लांब पट्टी असलेला दिवा घ्यायचा. एकाच पट्टीतून तिन्ही दिवे निघतात, आणि पट्टी पुरेशी रुंद असेल तर एखादा पॉइंट तिच्याखाली झाकला जातो. उरलेले आतून जोडून बुजवता येतात. फूटभराच्या फरकाला मी पहिला मार्ग घेईन.

जागा ठरवायला ओट्याच्या मध्यरेषेवर खूण करा आणि छतापासून ओळंबा सोडा, भिंतीपासून मोजत बसू नका. भिंती क्वचितच काटकोनात असतात. हुक जिप्सम बोर्डात नुसता ठोकू नका. वर प्लायचा आधार नसेल तर फास्टनर थेट स्लॅबपर्यंत गेला पाहिजे, काचेची शेड असेल तर विशेषच. आणि धातूचा दिवा असेल तर अर्थिंगची वायर जोडून घ्या. बरेच जण ती गुंडाळून छताच्या वाटीत कोंबतात.