युरेनस सापडला की नाही तेच कळेना (६ इंची डॉब्सोनियन, पेडणे) – मदत हवी आहे

परसातला_नवशिका, २४ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. पेडण्याजवळच्या एका गावात राहतो. दिवाळीत ६ इंची डॉब्सोनियन (आरशाची दुर्बीण) घेतली: १५० मिमी आरसा, १२०० मिमी फोकल लेंग्थ, २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याकडची भिंगं), एक दोनपट बार्लो (वाढ दुप्पट करणारं भिंग). गुरूचे पट्टे आणि चार चंद्र पहिल्याच रात्री दिसले. शनीची कडी यंदा सुईसारखी बारीक, तरी दिसली. मग डोक्यात युरेनस शिरला.

ॲपवर बघून कृत्तिकांच्या खाली साधारण पाच अंशांवर नळी नेली. २५ मिमीत तीन ठिपके आले, तिघेही साधारण सारखेच. दोन जवळजवळ, तिसरा जरा लांब. जोडीतला लांबच्या ठिपक्याकडचा मला निळसर वाटला, म्हणून तोच युरेनस धरला. २० तारखेला वहीत वाटी उपडी ठेवून गोल काढला आणि ठिपके मांडले. २३ ला पुन्हा काढलं. काहीच हललेलं नाही! ग्रह असेल तर सरकायला नको का?

परिस्थिती अशी: घराच्या तिन्ही बाजूंनी माड. आकाश उघडं फक्त परसात, आणि तेही डोक्यावर. रात्री आठ-साडेआठला युरेनस नेमका डोक्यावर असतो आणि नळी उभी केली की डावी-उजवीकडे हलवताना झटके बसतात. त्यात २३ ला देवळाकडे दशावतार होता, अर्धं आकाश ट्यूबलाइटचं.

आई म्हणते, "पंचांगात हर्षल वक्री आहे, तुला कसा गावणार?"

शिवाय आरशाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. बुरशी का?

दुर्बीणवेडा_फोंडा

आईंना नमस्कार सांगा, त्या तुमच्यापेक्षा उत्तराच्या जवळ आहेत.

हर्षल म्हणजेच युरेनस. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो मार्गी होतोय (पुन्हा पूर्वेकडे सरकू लागतोय), म्हणजे आत्ता जवळजवळ स्तंभी, ताऱ्यांमध्ये थांबल्यासारखा. प्रतियुतीच्या वेळी (सूर्याच्या बरोबर समोर असताना), नोव्हेंबरात, तो दिवसाला अडीच कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकत होता. आता तीन रात्रींत जेमतेम दोन-तीन कला. तुमच्या २५ मिमीच्या आयपीसचं क्षेत्र एक अंशाच्या आसपास, म्हणजे साठ-पासष्ट कला. वाटीच्या गोलात तो फरक पेन्सिलीच्या टोकाएवढा. हललेला दिसणारच नाही.

वाईट वाटून घेऊ नका. लमोनिए नावाच्या फ्रेंच खगोलज्ञाने १७५० ते १७६९ या काळात युरेनसची किमान बारा वेळा नोंद केली, त्यात सलग चार रात्रीही आहेत, आणि दर वेळी तारा समजून. १७६९ च्या जानेवारीतही तो असाच स्तंभी होता. ग्रह म्हणून ओळखला गेला तो १३ मार्च १७८१ नंतर. त्या रात्री विल्यम हर्शेलने बाथमधल्या घराच्या बागेतून तो पाहिला, तेही सव्वासहा इंची आरशाने! तुमचं परस आणि तुमची दुर्बीण फार मागे नाही. त्यालाही तो आधी धूमकेतूच वाटला होता.

माडावरचा_चांद

वर सगळं बरोबर, पण मूळ चूक वेगळीच आहे. निळा म्हणून पकडलात तो तारा आहे.

जवळजवळची जोडी म्हणजे वृषभ राशीतले १३ आणि १४ क्रमांकाचे तारे. १३ खरोखरच निळसर-पांढरा तारा आहे, प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तेवढा तारा मंद) युरेनसएवढीच, ५.७ च्या आसपास. १४ पिवळट आणि किंचित मंद. युरेनस आहे तो लांबचा तिसरा. त्याचा रंग फिका, राखी-हिरवट. कुणी फोटोतला निळा डोळ्यांत धरून बसला की हटकून फसतो. (मीही फसलोय, तेव्हा हसत नाही.)

खात्री करायची तर वही ठेवा, घड्याळ घ्या. २५ मिमीत तिघांना बसवा आणि नळीला हात लावू नका. पृथ्वी फिरते, ठिपके एका कडेने बाहेर जातात. पश्चिमेचा आधी जातो. न्यूटोनियनमध्ये (तुमची डॉब्सोनियन त्याच प्रकारची) चित्र उलटं असतं, त्यामुळे डावं-उजवं विसरा, क्रम बघा. आधी युरेनस, साधारण अडीच मिनिटांनी १३, आणखी दीड मिनिटाने १४.

मग बार्लो आणि १० मिमी लावा. २४० पट. युरेनसची चकती पावणेचार विकलांची (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), म्हणजे एवढ्या वाढीत नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या निम्मी. तारा कितीही वाढवा, ठिपकाच राहतो. हवा स्थिर नसली तर तोही फुगतो, पण त्याची कड ठरत नाही.

डोक्यावरच्या भानगडीला उपाय वाट पाहणे. साडेदहाला तो पश्चिमेला पंचावन्न अंशांच्या आसपास येतो, नळी हाताशी राहते. तोवर आरसा बाहेर ठेवून थंड होऊ द्या. आणि चिऱ्यांच्या अंगणात मांडू नका, दिवसभराची ऊब रात्रभर सोडत बसतात. मातीत मांडा.

सावंत_मडगाव

नेपच्यूनही बघणार असाल तर आत्ताच. २० फेब्रुवारीच्या सुमारास तो शनीपासून एक अंशाच्या आत असेल, पण तेव्हा अंधार पडेपर्यंत दोघेही समुद्रावरच्या धुरकट हवेत आणि तुमच्या माडांत गेलेले असतील. या आठवड्यात साडेसातला शनी बराच वर आहे, त्याच्यापासून दोन अंशांवर शोधा. प्रत ७.८ च्या आसपास, नुसत्या डोळ्यांना नाही.

मी शनी पहिल्यांदा पाहिला तो लहानपणी, पणजीला जुन्ता हाऊसच्या गच्चीवर. चष्मा काढून पुन्हा रांगेत उभा राहिलो होतो.

परसातला_नवशिका, २५ जानेवारी, रात्री

झालं! आज दशावतार नाही. सव्वादहापासून नळी मातीत, नारळाच्या सोडणांवर टेकून बसलो. आईला स्वयंपाकघरातल्या घड्याळाजवळ उभी केली. पहिला ठिपका गेला तेव्हा "आता!" ओरडलो, दुसऱ्याला पुन्हा. आई म्हणाली, "दोन मिनिटं आणि वर पंचवीस-तीस सेकंद." तिसऱ्याला दीड मिनिट.

२४० पटींत पहिला पाच-सहा सेकंद उकळत्या पाण्यातल्या तांदळासारखा थरथरला, मग एकदम थांबला. वाटोळा. पुसट, भिजलेल्या खडूसारखा. आईनेही पाहिला. म्हणाली, "एवढासाच?"

नेपच्यून उद्या. माडावरचा_चांद, दुर्बीणवेडा, खूप धन्यवाद. पण बुरशीबद्दल कोणीच बोललं नाही.

दुर्बीणवेडा_फोंडा

जाळीसारखी असेल तर बुरशीच, आपल्याकडच्या पावसाची देणगी. डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, कापूस तरंगेल इतक्या हलक्या हाताने फिरवा. घासलंत तर ॲल्युमिनियमचा थर जाईल. मग दुर्बीण बंद खोक्यात, सिलिका जेलसकट. जेल दर पंधरा दिवसांनी भाजून सुकवा, नाहीतर जूनमध्ये पुन्हा हाच धागा वर येईल.

परसातला_नवशिका

गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर चालेल ना? इथे दुकानात तेच मिळतं.