मदत हवी आहे: मासळी वाहणाऱ्या जुन्या ट्रकचे घरच्या अंगणात रंगकाम, गंज पुन्हा वर येऊ नये म्हणून तयारी कशी करावी?

सर्व सदस्यांना नमस्कार. आमचा जुना टाटा ४०७ ट्रक मुंबईतील मढ येथील घराच्या अंगणात स्वतःच रंगवण्याचे आम्ही भावांनी ठरवले आहे. रंगापेक्षा रंगाखालच्या पत्र्याची मला अधिक काळजी वाटते आणि त्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ट्रकवर आजवर मासळी आणि बर्फाचीच वाहतूक झाली असल्यामुळे हौद्यातून खारे पाणी सतत झिरपत राहिले आहे, शिवाय खाडीचा वारा बारा महिने आहेच. दारांच्या खालच्या कडा, पायऱ्या, समोरच्या काचेच्या रबराखालची पट्टी आणि फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या कडेच्या) बिजागऱ्यांभोवतीचा पत्रा सर्वांत जास्त खराब झाला आहे. मागचे रंगकाम एका गॅरेजमधून करून घेतले होते. तेथे गंज मुळापासून न काढता त्यावरच लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरण्यात आली आणि पुढच्याच पावसाळ्यात त्या सर्व जागी फोड आले. पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत मीठ उरले की ते रंगाच्या थरातूनही ओलावा खेचून घेते आणि फोड धरतो, हे आता वाचून समजले आहे. म्हणूनच या वेळी पत्रा उघडा करूनच काम करायचे आहे.

माझी मुख्य अडचण येथेच आहे. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पट्ट्यांची चकती) आणि वायर ब्रश लावून गंज निघतो, पण खड्ड्यांतले मीठ घासून निघत नाही, ते गोड्या पाण्याने धुवावे लागते. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ असल्यामुळे त्यासाठी नळाचेच पाणी वापरणार आहे. मात्र उघडा पत्रा धुतला की मुंबईच्या दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस गंज पुन्हा धरतो. तो घालवण्यासाठी फॉस्फरिक आम्ल असलेले द्रावण लावावे असे काही जण सुचवतात, तर त्या आम्लाचा अंश पत्र्यावर राहिल्यास इपॉक्सी प्रायमर (रंगाखाली द्यायचा, ओलावा अडवणारा दोन घटकांचा थर) नीट धरत नाही असेही सांगितले जाते, आणि आम्ल धुऊन काढायचे म्हटले तर पुन्हा पाणी आलेच. अशा स्थितीत एका वेळी एकच दार किंवा एकच पाखे (बाजूचा पत्रा) घेऊन घासणे, धुणे, गरम हवेच्या ब्लोअरने लगेच वाळवणे, ८० नंबरच्या कोरड्या सँडपेपरचा हात मारणे आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर देणे, हा क्रम योग्य ठरेल का? ज्यांनी समुद्रालगत असे काम केले आहे, त्यांनी आम्ल वापरले की टाळले, हे कृपया सविस्तर लिहावे. रेड ऑक्साइड हा नेहमीचा तांबडा प्रायमर स्वस्त असला तरी तो ओलावा अडवत नाही, त्यामुळे निदान खालच्या भागांसाठी तो नको असे माझे मत झाले आहे.

दुसरा प्रश्न जुन्या रंगाचा आहे. थिनरमध्ये भिजवलेले फडके थोडा वेळ ठेवून पाहिले असता रंगाला सुरकुत्या पडल्या, त्यावरून तो सिंथेटिक इनॅमल असावा. केबिनच्या छपरावर तो अजून घट्ट आहे. तेथे तो पूर्ण खरवडावा, की ३२० नंबरच्या पेपरने ओला घासून त्यावरच पुन्हा इनॅमल द्यावे? पीयू (पॉलीयुरेथेन) रंग अधिक टिकाऊ असतो हे मान्य आहे, पण त्यात मिसळायच्या हार्डनरमधील आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो आणि साध्या कापडी मास्कने त्यापासून संरक्षण मिळत नाही. आमच्या वस्तीत घरे एकमेकांना लागून आहेत, लहान मुले अंगणातच खेळतात, त्यामुळे पीयूची फवारणी मी करणार नाही. घासण्याबाबतही हीच काळजी आहे. शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित ठेवण्याचा २०१६ चा नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे. वाहनांचे रंग त्यात येत नाहीत, म्हणून जुना थर ओलाच घासावा आणि निघालेला गाळ गोळा करून ठेवावा असे ठरवले आहे. हा गाळ मुंबईत कोठे सोपवता येतो?

काम पावसाळा पूर्ण संपल्यावर, शक्यतो डिसेंबर-जानेवारीत करायचा विचार आहे. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग देऊ नये आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावे, हे ठाऊक आहे. पण थंडीत आमच्याकडे पहाटे दव पडते. तेव्हा दुपारी दिलेला इनॅमलचा हात रात्रभर ताडपत्रीखाली ठेवल्यास त्याची चकाकी मरते का? ताडपत्री किती उंचीवर बांधावी?

कपाळपट्टीवर ‘आई एकविरा प्रसन्न’ ही अक्षरे एका जुन्या पेंटरने हाताने काढलेली आहेत आणि ती तशीच्या तशी राहावीत अशी वडिलांची इच्छा आहे. ट्रेसिंग पेपरवर त्यांचा छाप घेऊन नंतर पुन्हा रंगवणे हाच मार्ग मला दिसतो. याहून चांगली पद्धत असल्यास अवश्य सांगा.

रंगछटा तीच ठेवणार असल्यामुळे आरसी पुस्तकात बदल करावा लागणार नाही. परंतु फिटनेस तपासणी दरवर्षी असते, त्यामुळे समोरची पांढरी, बाजूंची पिवळी आणि मागची लाल परावर्तक पट्टी नव्याने लावावी लागेल. चॅसिसवर (ट्रकच्या खालच्या सांगाड्यावर) कोरलेला क्रमांकही वाचता यायला हवा. त्याच्या भोवती गंज बराच आहे आणि तेथे ग्राइंडर लावायचे धाडस होत नाही. तो भाग हाताने, अक्षरांची धार न घालवता कसा साफ करावा आणि त्यावर कोणता पातळ थर द्यावा, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?