मदत हवी आहे: जिओकॅशचे आकडे एकच, पण तीन फोनवर पिन तीन ठिकाणी (यवतमाळ)

शिवारवाट:
यवतमाळच्या उत्तरेकडच्या शिवारात टप्प्याटप्प्याच्या जिओकॅशचा (जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेला डबा शोधायचा खेळ) पहिला बिंदू शोधायचा आहे. डबा तिथे नाही. दगडावरचे आकडे वाचून पुढचं गणित करायचं आहे, म्हणून हे आकडे उघड टाकायला हरकत नसावी:

एन २०° २८.३१४' ई ०७८° ०५.२८६'

गूगल मॅप्समध्ये २०.२८३१४, ७८.०५२८६ टाकलं तर पिन एकवीस किलोमीटर दक्षिणेला, यवतमाळच्याही पलीकडे जाते. दुसऱ्या फोनवर २०° २८' ३१.४" आणि ७८° ०५' २८.६" टाकलं. पिन या भागातच आली, पण तिथे नुसती तूर उभी आहे, दगड नाही. तिसऱ्यानं ७८.५२८६ टाकलं, त्याची पिन पन्नास किलोमीटर दूर. तिन्ही फोन अँड्रॉइड आणि मोकळ्यावर जीपीएस व्यवस्थित पकडतात. बरोबर कुठली? शिवारात रेंज नसते, तेव्हा हातानं कसं बदलायचं तेही सांगा.

मोजणीवाला:
तिन्ही चूक. फोनचा दोष नाही.

जिओकॅशिंगच्या पानावर आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात. म्हणजे २० अंश आणि २८.३१४ मिनिटं. अंशात मिनिटं साठ, शंभर नाहीत. अडीच तास म्हणजे २.३० तास नव्हे, तसंच हे. कॅल्क्युलेटरवर एवढंच करा:

२८.३१४ ÷ ६० = ०.४७१९, म्हणून २०.४७१९०
५.२८६ ÷ ६० = ०.०८८१, म्हणून ७८.०८८१०

हा झाला दशांश अंश. अंश-मिनिट-सेकंद हवे असतील तर मिनिटाचा फक्त अपूर्णांक साठनं गुणा: ०.३१४ × ६० = १८.८४ आणि ०.२८६ × ६० = १७.१६. म्हणजे २०° २८' १८.८४" आणि ७८° ०५' १७.१६". नकाशावर तिन्ही रूपं एकाच जागी पडतात.

आता तुमच्या चुका. पिन किती आणि कुठल्या दिशेला सरकली यावरून चूक ओळखता येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या फोनवर मिनिटं थेट दशांश चिन्हापुढे चिकटवली. मिनिटं जितकी जास्त, तितकी ही चूक पिनला दूर उडवते; इथे एकवीस किलोमीटर. तिसऱ्यानं त्यात ०५ मधलं शून्यही खाल्लं, म्हणून रेखांश आणखी पूर्वेला गेला. मिनिट एक आकडी असलं की हे हमखास घडतं.

दुसरी चूक जास्त फसवी. .३१४ मिनिटाचे ३१.४ सेकंद धरले. खरे १८.८४, म्हणजे साडेबारा सेकंद जास्त. इथे अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, रेखांशाचा २९. तुमची पिन पाचशे मीटर ईशान्येला पडली असणार. आपल्याकडे ही चूक कायम उत्तर-पूर्वेकडेच नेते, कारण सेकंद वाढतात, कमी कधी होत नाहीत. अपूर्णांक .६०० किंवा त्याहून मोठा असेल तर सेकंद साठ किंवा जास्त होतात आणि बहुतेक अ‍ॅप नाकारतात. लहान असला की गुपचूप घेतात, आणि माणूस तुरीत दगड शोधत बसतो.

पळसपान:
मोजणीवाल्या भाऊनं बरोबर सांगतलं. थोडं माह्याकडून. भागाकार करायचाच नसंल तर गूगल मॅप्सच्या शोधात २० २८.३१४, ७८ ०५.२८६ असं टाका. अंश, मोकळी जागा, मिनिटं, मग स्वल्पविराम. तसंच घेते ते. आकडे मात्र इंग्रजी टाका, आपण इथं मराठीत लिहून राह्यलो तसे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलं तर मिनिटाची खूण वाकडी होऊन येते, ते काढून टाका.

अक्षांश पह्यले, रेखांश मागून. उलटं झालं तर ७८ उत्तर अन् २० पूर्व होते, म्हणजे पिन स्वालबार्ड बेटांजवळ, पार आर्क्टिकात. केएमएल फाइलीत (नकाशाचे बिंदू जतन करायची फाइल) मात्र रेखांश पह्यले असते, हे ध्यानात ठेवा.

रेंजचं म्हणाल तर जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागते. सी:जिओ अ‍ॅपमध्ये घरीच ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या अन् बिंदू जतन करा. शिवारात गेल्यावर दोनचार मिनिटं मोकळ्या आभाळाखाली थांबा. डेटा बंद असला की उपग्रहांची माहिती थेट उपग्रहांकडूनच घ्यावी लागते, म्हणून पह्यला फिक्स, म्हणजे आपली जागा, उशिरा येते.

शिवारवाट:
२०.४७१९०, ७८.०८८१० टाकलं. पिन आता पांदणीच्या कडेला दिसते, वर्णनाशी जुळते. धन्यवाद भाऊ. आणखी दोन शंका. सोबत जुनं गार्मिन जीपीएस यंत्र आहे, त्यात ४४क्यू असं काहीतरी लिहून मोठमोठे आकडे येतात. आणि जुन्या टोपोशीटवर (सर्वेक्षणाच्या छापील नकाशावर) हा बिंदू मांडला तर चालेल का?

मोजणीवाला:
यंत्र यूटीएमवर आहे, म्हणजे जग सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत वाटून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. ४४ हा पट्ट्याचा क्रमांक. सेटअप, मग पोझिशन फॉरमॅट, आणि तिथे अंश व दशांश मिनिटांचा पर्याय निवडा. त्याच पडद्यावर मॅप डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसचाच, आहे ना, तेही बघा.

यूटीएममध्ये तुमच्या बिंदूला ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) दोन लाखांच्या जरा खाली आणि नॉर्थिंग (उत्तरेकडचा) बावीस लाख साठ हजारांच्या वर दिसेल. ७८ अंश रेखांशावर पट्टा बदलतो आणि ही रेषा यवतमाळ जिल्ह्यातूनच जाते. पुसद, दिग्रस, दारव्हा ४३ मध्ये. यवतमाळ, पांढरकवडा, वणी ४४ मध्ये. तुमचेच आकडे ४३ म्हणून टाकले तर पिन सहा अंश पश्चिमेला, दमणसमोर अरबी समुद्रात. दिग्रसकडचे आणि यवतमाळकडचे बिंदू एका यादीत असतील तर यूटीएमच्या नादी लागूच नका.

टोपोशीटचं म्हणाल तर जुनी पत्रकं एव्हरेस्ट डेटमवर आहेत. डब्ल्यूजीएस ८४ चे आकडे त्यावर तसेच मांडले तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. सर्व्हे ऑफ इंडियाची ओपन सीरीज पत्रकं डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, ती घ्या.

सावली_वणी:
पुढच्या टप्प्याच्या बेरजेसाठी एक. ".३१४ मध्ये ७४० मिळवा" असं आलं तर १०५४ होतात. मग एक मिनिट वर जातं आणि उत्तर २९.०५४'. मिनिटं साठ झाली की अंश वाढतो. दशांश अंशांत रूपांतर शेवटीच करा, आधी केलं तर ही बेरीज जमत नाही.

आणि शेवटच्या आकड्यासाठी जीव काढू नका. ०.००१ मिनिट म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास. फोन मोकळ्यावर तीन ते पाच मीटरवर असतो, सागाखाली किंवा नाल्यात दहाच्याही पुढे. दहा मीटरच्या आत आलात की बाण बघणं सोडा आणि दगड शोधा.

शिवारवाट:
समजलं ताई. दुसऱ्या फोनवरही हेच आकडे टाकून तपासले, पिन त्याच जागी. गार्मिनचा फॉरमॅट आणि डेटम दोन्ही बदलले. धागा 'सुटला' म्हणून खूण करतो.