केमोच्या नवव्या दिवशी ताप आला होता, हास्पिटलात सांगावं का?

पऱ्हाटी
मायले स्तनाचा कॅन्सर निघाला, नागपूरले पहिला केमो झाला, लाल औषधवाला, दर 21 दिवसांनी आहे. गाव आमचं आर्णीच्या पुढं, म्हणजे पहाटेची गाडी धरल्याशिवाय जमत नाही. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तं रक्त समजून घरात रडारड, मंग फाईलमधल्या कागदावर वाचलं का तो औषधाचाच रंग आहे. पण नवव्या दिवशी रात्री अंग चांगलंच तापलं, घरी थर्मामीटर नव्हता, गावातल्या डॉक्टरनं तापाची गोळी देल्ली आन् सकाळपर्यंत उतरला बी. आता सोमवारी दुसरा केमो, आन् माय म्हणते सांगू नको, सांगितलं तं पुढं ढकलतीन, परत तितलंच गाडीभाडं, कापूस वेचायचा राहिला तो वेगळाच. ताप तं गेला, मंग सांगून काय फायदा? आन् हो, ती गोठ्यात जायचं बी सोडून नाही राह्यली, शेण भरते रोज.

सदाफुली
भाऊ सांगाच. मी पण हेच केलं होतं म्हणून सांगते. माझे 4 लाल आणि मग दर आठवड्याचे 12 असे झाले. दुसऱ्या लालनंतर दहाव्या दिवशी ताप, मला वाटलं उन्हात बसली म्हणून असेल, गोळी घेऊन झोपली. सकाळी उठता येईना, जिभेला तर इतले फोड की पाणी पण लागे. ॲडमिट केलं, पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या, पाच दिवस सलाईनमधून ॲन्टिबायोटिक. त्यानंतर प्रत्येक लालच्या दुसऱ्या दिवशी पेशी वाढवायचं इंजेक्शन द्यायला लागले, त्यानं हाडं दुखतात बापा, पण ताप परत नाही आला. केमो ढकलला तो एकच आठवडा. न सांगता घेतला असता तर हे इंजेक्शन कुणी लिहून देलं असतं? यांनी मग थर्मामीटर कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधून ठेवला अन् सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत तारखांना गोल करून देले, त्या दिवसांत पाहुण्याला पण ओसरीवरच बसवायचे.

सिस्टर_वर्धा
वरच्या ताईंनी बरोबर सांगितलं. केमोचं औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारतं, त्यात कॅन्सरच्या येतात तशा केसांच्या, तोंडातल्या आणि हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पण येतात. म्हणून साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. पू व्हायला पण पेशी लागतात, त्या नसल्या की आत इन्फेक्शन असून बाहेर काहीच दिसत नाही, दिसतो तो फक्त ताप. तोच गोळीनं दाबला की झालं, म्हणून आधी थर्मामीटर मग गोळी, आणि गोळी पण विचारूनच. 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्रीचे दोन वाजले तरी फाईलवरचा नंबर लावा आणि निघा. नागपूर लांब असेल तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, दारातच सांगा केमो चालू आहे, फाईल दाखवा. गावात कंबरेत सुई मात्र मारून घेऊ नका, प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी कमी असल्या तर आत रक्त साकळतं. शेणाचं काम सध्या बंद म्हणजे बंद.

धामणगाव_लोकल
भाड्याचं सांगतो, बायांना एसटीत अर्धं तिकीट आहेच. धामणगावहून रेल्वेनं जात असाल तर हास्पिटलातून सवलतीचा फॉर्म भरून घ्या, कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट फुकट, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. आम्हाला हे चौथ्या केमोला समजलं, तोवर पैसे भरून बसलो.

पऱ्हाटी
फोन केला. पलीकडची बाई पहिले तापलीच माह्यावर, तेव्हाच काहून नाही सांगितलं म्हणे. मंग म्हणाली शनिवारी यवतमाळले रक्त तपासा, रिपोर्ट फोनवर पाठवा, पाहूनच सांगू सोमवारी यायचं का नाही. थर्मामीटर आणला आज. मायले सांगितलं गोठा बंद, तं विचारते बैलाले पाणी कोण पाजीन, तुह्या बापाले तं बादली कुठं ठेवली थे बी माहीत नाही.