मदत हवी आहे: ‘रँडी राइड्स अलोन’ (१९३४) – एका प्रतीचे चित्र आणि दुसरीचा आवाज जुळवायचा आहे

नमस्कार.

आमच्या चित्रपट मंडळात हा चित्रपट दाखवायचा आहे, पण माझ्याकडच्या दोन प्रतींपैकी एकही जशीच्या तशी दाखवण्याजोगी नाही, म्हणून इथल्या ध्वनिसंकलनाच्या जाणकारांची मदत हवी आहे.

मोनोग्रामने वितरित केलेला, हॅरी फ्रेझर दिग्दर्शित हा जॉन वेनच्या उमेदवारीच्या काळातला वेस्टर्नपट जेमतेम ५३ मिनिटांचा आहे. अशा कमी खर्चाच्या चित्रपटांत त्या काळी पार्श्वसंगीत बहुधा नामावलीपुरतेच असे, आणि इथे नेमकी तीच शांतता मोलाची ठरली आहे. रँडी सलूनच्या दारापाशी येतो तेव्हा आतून पियानो ऐकू येत असतो. तो आत शिरतो, तर जिकडेतिकडे माणसे मरून पडलेली, पियानोच्या पट्ट्या मात्र आपोआप वरखाली होत आहेत, आणि भिंतीवरच्या चित्राआडून कुणाचे तरी डोळे त्याच्यावर खिळलेले आहेत. त्या खोलीत पियानोखेरीज दुसरा सूर नसणे, हीच त्या प्रसंगाची भीती आहे.

माझ्या पहिल्या प्रतीत चित्र स्वच्छ आहे, परंतु त्यावर नंतर कुणीतरी सिंथेसायझरचे संगीत चढवले आहे. (जॉन वेनचे या काळातले अनेक चित्रपट १९८०च्या दशकात असेच ‘सजवून’ पुन्हा बाजारात आले होते, आणि मला ते मनापासून खटकते.) दुसऱ्या प्रतीत मूळ आवाज आहे, थोडी खरखर सोडली तर उत्तम, मात्र चित्र इतके पुसट आहे की मुका मॅट लिहून दाखवतो त्या चिठ्ठ्या वाचताच येत नाहीत. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचे वाक्य सोडून द्यावे: मॅट आणि टोळीचा म्होरक्या मार्विन ब्लॅक या दोन्ही भूमिका जॉर्ज हेजनेच केल्या आहेत, आणि दोघे एकच असल्याचा माग रँडीला हस्ताक्षरावरून लागतो. अक्षर दिसलेच नाही, तर प्रेक्षकाला रँडीबरोबर तर्क कसा करता येईल?

अडचण लांबीची आहे. पहिली प्रत ५३ मिनिटांची, तर दुसरी ५१ मिनिटांना थोडी कमी भरते. कथेत कुठेही तुकडा गाळलेला आढळला नाही, त्यामुळे सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट युरोपीय टीव्हीच्या पद्धतीप्रमाणे २५ चौकटींच्या वेगाने चालवून ती प्रत केली असावी असा माझा कयास आहे. हिशेबही जुळतो: ५३ मिनिटांचे त्या वेगाने सुमारे ५०.९ होतात.

हे बरोबर असेल, तर आवाज ९६ टक्के वेगावर आणताना पियानोची पट्टीही (म्हणजे सुरांची उंची) वेगाबरोबर उतरू द्यावी, की पट्टी तशीच ठेवून केवळ लांबी वाढवावी? पहिला मार्ग योग्य वाटतो, पण पट्टी प्रत करतानाच कुणी सुधारून ठेवली असेल तर ते कशावरून ओळखावे? जुळणी पडताळताना बंदुकीचे बार खुणेसाठी धरावेत की संवाद? आणि मूळ आवाज व स्वच्छ चित्र एकत्र असलेली प्रत कुणी स्वतः पाहिली असेल, तर तिची लांबी आणि सुरुवातीच्या प्रसंगातला आवाज कसा आहे, एवढे अवश्य कळवावे.