माशाच्या अंगावर किडे आहेत, खायचा की सोडायचा? अर्जंट

नवखा_गळवाला: गळाला मासा लागलाय, बादलीत जिवंत आहे. अंगावर तपकिरी चपटे किडे चिकटलेत, बोटाने काढले तरी सुटत नाहीत. फार्ममधून पळालेला असेल का? खाल्ला तर चालेल? लवकर सांगा.

कोलंबी६५: कुठे? कुठला मासा? केवढा? फोटो टाक की.

मालवणी_तडका: किडे सुरीने खरवडून काढ, हळद-मीठ-आगळ लावून अर्धा तास ठेव आणि रव्यात घोळवून तळ. काय होत नाही.

नवखा_गळवाला: नॉर्वे, हार्डांगर फिओर्ड (डोंगरांत घुसलेली समुद्राची लांब खाडी). नदी जिथे मिळते तिथे. चंदेरी, वीतभर. पाठीचा पर कुरतडल्यासारखा, रक्ताळलेला. फोटो अपलोड होत नाहीये.

पुणेकर_आयटी: नॉर्वेत जॉब कसा मिळाला? व्हिसाचं सांगाल का?

पिंजरेवाला: मी स्कॉटलंडात सॅमनच्या पिंजऱ्यांवर काम करतो, म्हणजे समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यांत सॅमन मासे पाळतात ते फार्म. या समुद्री उवा, नैसर्गिकच आहेत. समुद्रातून ताज्या आलेल्या मोठ्या सॅमनवर चार उवा दिसल्या तर इथले गळवाले उलट खूश होतात. उगाच फार्मवर खापर नको.

बर्गनची_सून: अहो दादा, दहा किलोच्या सॅमनवर चार आणि वीतभर पोरावर अंगभर, यात फरक नाही का? हा बहुतेक सी ट्राउट आहे, सॅमनचाच भाऊबंद. सॅमनची पिल्लं फिओर्डातून सरळ समुद्रात निघून जातात, हा मात्र उन्हाळाभर फिओर्डातच चरतो, म्हणजे पिंजऱ्यांच्या शेजारीच. उवा चामडी खातात, मग जखमेतून अंगातलं पाणी जातं. ते सोसेना झालं की बिचारा पोट भरायच्या आधीच नदीकडे पळतो, कारण गोड्या पाण्यात उवा गळून पडतात.

पिंजरेवाला: नियम आहेत ना. तुमच्या नॉर्वेत माशामागे सरासरी ०.५ प्रौढ मादी उवा चालतात, वसंतात सॅमनची पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा ०.२. वर आम्ही लेझर, गोड्या पाण्याची आंघोळ, उवा खाणारे मासे, सगळं वापरतो.

बर्गनची_सून: इथे एका पिंजऱ्यात २ लाख मासे ठेवता येतात. ०.२ ने गुणा. ४० हजार माद्या, प्रत्येकीची शेकडो अंडी, आणि असे पिंजरे एका जागी कितीतरी! पूर्वी हिवाळ्यात किनाऱ्याजवळ मासेच कमी, उवांना घरच नसायचं, आता बारमाही भरलेलं घर आहे.

पिंजरेवाला: मग २०२४ च्या उन्हाळ्यात नॉर्वेने ३३ नद्यांतली सॅमनची मासेमारी बंद केली, त्यात फार्म जवळ नसलेल्या दक्षिणेकडच्या नद्याही होत्या. समुद्रातच मासा मरतोय, त्याचं काय?

बर्गनची_सून: ते आहेच, म्हणून हे खोटं होतं का?

कोलंबी६५: आपल्याकडे १९७५ ला फराक्का बॅरेज झाला आणि गंगेत वर अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा अडला. तिथे ना उवा ना पिंजरे. धरणांवर कोणीच बोलत नाही.

नवखा_गळवाला: अरे भांडताय काय, बादलीतलं पाणी कोमट झालं!! खाऊ की नको?

बर्गनची_सून: उवा माणसाला काही करत नाहीत. पण एवढा लहान ठेवायची परवानगी नाही, सोड. हात ओले करून धर, उवा उपटू नकोस, चामडी निघते.

नवखा_गळवाला: नदीत सोडू की फिओर्डात?

बर्गनची_सून: जिथे पकडलास तिथेच. नदीकडेच निघाला होता तो, जाईल त्याचा तो.

मालवणी_तडका: आणि आगळ नसेल तर लिंबू चालतं.